‘व्हाइल’ आणि आमचा ‘तर’

‘अपघातात तिघे ठार झाले, तर पाच जण जखमी झाले.’ या घडणीचे वाक्य मराठी वृत्तपत्रांत आढळले नाही असा दिवस विरळाच. वाक्य शुद्ध आहे, त्यातील शब्द आपलेच आहेत, अर्थही चटकन कळतो. तरीही ते मोठ्याने वाचून पाहिले असता मधला ‘तर’ कानाला किंचित टोचतो. हा ‘तर’ येथे काय करीत आहे? तो अट सांगत नाही. तिघे ठार झाले म्हणून पाच जखमी झाले, असा परिणामही सांगत नाही. ठार झालेल्यांत आणि जखमी झालेल्यांत काही विरोध आहे, असेही कोणी म्हणणार नाही. ती एकाच आघाताची कमीअधिक फळे होत. मग जे काम ‘आणि’ने सहज झाले असते त्यासाठी ‘तर’ला का पाचारण करावे?

मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्या आम्हांस या प्रश्नाचे उत्तर शोधणे थोडे सोपे जाते. कारण आमच्या दारात दोन-दोन, तीन-तीन भाषांची वृत्तपत्रे पडतात. हिंदी वृत्तपत्र तीच वार्ता ‘तीन की मौत, जबकि पाँच घायल’ अशी देते. गुजराती वृत्तपत्र त्याच जागी ‘ज्यारे’ घालते. भाषा तीन, पण सांधा एकाच ठिकाणी आणि एकाच जातीचा. तीन सुतारांनी तीन निरनिराळ्या लाकडांत एकाच जागी एकसारखी खाच पाडलेली दिसली, म्हणजे त्यांच्यापुढे नमुना एकच असावा, असे अनुमान करणे चुकीचे होणार नाही. आमच्या मते हा नमुना इंग्रजी वार्तेचा आहे, आणि ती खाच ‘व्हाइल’ या शब्दाची आहे.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलास हा शब्द पहिल्या दोन-तीन वर्षांतच भेटतो, आणि त्यापुढे ‘जेव्हा’, ‘असताना’ असा एखादा अर्थ लिहून तो मोकळा होतो. वस्तुतः या शब्दाचे चरित्र मोठे रंजक आहे. आणि ते जाणून घेतल्यावाचून मराठीत त्याने काय घडविले व काय बिघडविले याचा न्याय करता येणार नाही.

आज ‘व्हाइल’ काळ दाखवितो. परंतु त्याच्या मुळाशी काळ नसून विसावा आहे. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘ह्वील’ असे होते व अर्थ ‘काही वेळ, कालखंड’ असा होता. पण त्याचे भाऊबंद पाहिले की त्याहून मागचा अर्थ दिसू लागतो. जुन्या नॉर्स भाषेत ‘ह्वीला’ म्हणजे शय्या. आजच्या स्वीडिशमध्ये ‘वीला’ म्हणजे विश्रांती. लॅटिनमधील ‘क्विएस’, म्हणजे शांतता, हा शब्दही त्याच कुळातला. हे कूळ आणखी पूर्वेकडे शोधीत गेल्यास आपण इराणात पोचतो. सम्राट दारयवहूच्या शिलालेखांत अहुरमज्दाने मनुष्यासाठी निर्माण केलेल्या गोष्टींत ‘शियाति’ सांगितली आहे. शियाति म्हणजे सुख, स्वास्थ्य. त्याच धातूचे पुढचे फारसी रूप ‘शाद’ म्हणजे आनंदी, आणि ‘शादी’ म्हणजे आनंद. मंगलकार्यासाठी हिंदुस्थानी भाषेत रुळलेला ‘शादी’ हा शब्द आणि इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातला रुक्ष ‘व्हाइल’ हे असे दूरचे, पण सख्खे आप्त आहेत.

विसावा या अर्थापासून ‘थोडा वेळ’ या अर्थाकडे जाणे कठीण नाही. वाटसरू झाडाखाली टेकला, की तो किती वेळ टेकला हे तो मोजीत नाही. त्या टेकण्यालाच वेळ म्हणतो. म्हणूनच ‘व्हाइल’ हा न मोजलेला वेळ आहे. आपल्याकडे याच्या उलट झाले. आपली घटका बरोबर चोवीस मिनिटांची. घंगाळातले घटिकापात्र बुडाले की ती संपे. पण बोलता बोलता आपण ‘घटकाभर टेका’ म्हणू लागलो आणि मोजमापाची घटका बेमाप झाली. दोन्ही भाषा निरनिराळ्या दिशांनी येऊन त्याच झाडाखाली बसल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

नाम म्हणून हा शब्द इंग्रजीत आता मुख्यतः ठराविक जोडण्यांत उरला आहे. ‘वर्थव्हाइल’ म्हणजे ज्यावर घालविलेल्या वेळाचे चीज झाले असे. ‘वेळ सार्थकी लागला’ या आपल्या बोलण्यात हीच कल्पना आहे. ‘अर्स्टव्हाइल’ हा शब्द तर हिंदुस्थानी इंग्रजीने विशेष जिव्हाळ्याने जपला. संस्थाने विलीन झाल्यावर बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर यांच्या नावांमागे तो असा चिकटला, की या गावांतल्या मराठी घरांत इंग्रजी न येणाऱ्या वडीलधाऱ्यांच्याही तो कानांवरून गेलेला असे. जर्मन भाषेने मात्र या नामाचे एक मार्मिक अपत्य वाढविले: ‘लांगेवाइले’, म्हणजे ‘लांब वेळ’. त्याचा अर्थ कंटाळा. विसावा लांबला की त्याचा कंटाळा होतो, हे मानसशास्त्र त्या एका शब्दात साठविलेले आहे.

पण या शब्दाचा खरा पराक्रम नामात नसून त्याच्या उभयान्वयी जन्मात आहे. जुन्या इंग्रजीत ‘त्या वेळात, की ज्यात अमुक घडत होते’ अशी लांबलचक जोडणी होती. हळूहळू तिच्यातले ‘त्या’ आणि ‘की’ गळाले व केवळ ‘व्हाइल’ उरला. पीटरबरो येथील मठात लिहिल्या गेलेल्या बखरीतील सन ११३७ च्या नोंदीत स्टीफन राजाच्या कारकिर्दीतील अनागोंदीचे करुण वर्णन आहे. तो राजा होता तोवर, एकोणीस हिवाळे, ही दैना चालली, असे बखरकार सांगतो. आणि तेथे हा शब्द तसाच सुटा, उभयान्वयी होऊन उभा असलेला दिसतो. राज्याची घडी विस्कटत असता भाषेची एक नवी घडी बसत होती.

येथून पुढे एकाच शब्दाला तीन वाटा फुटल्या. प्रमाण इंग्रजीत ‘एकाच वेळी’ या अर्थातून विरोधाचा अर्थ निघाला. ‘व्हाइल’ हा ‘जरी’ आणि ‘उलट’ यांचे काम करू लागला. जर्मन भाषेत त्याचाच भाऊ ‘वाइल’ हा आरंभी ‘तोवर’ असे सांगत असे. तो आता ‘कारण’ असे सांगतो. आणि उत्तर इंग्लंडात, यॉर्कशरच्या बोलीत, तो ‘पर्यंत’ या अर्थाने टिकून आहे. तेथील कामकरी नऊ ‘व्हाइल’ पाच अशी आपली कामाची वेळ सांगतो. ही बोली गावंढळ समजण्याचे कारण नाही. ‘मॅक्बेथ’च्या तिसऱ्या अंकात खुद्द राजाच्या तोंडी हा शब्द याच अर्थाने आला आहे. रेल्वेच्या फाटकावर ‘दिवा लुकलुकत असता थांबा’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी लावली, आणि यॉर्कशरकरांनी ‘दिवा लुकलुकू लागेपर्यंत थांबा’ असा तिचा अर्थ घेतला, अशी एक आख्यायिका सांगतात. ती घडलेली असो वा रचलेली, शब्दाच्या दोन अर्थांमधून आगगाडी कशी जाऊ शकते हे तीवरून कळते.

अशा बातमीस आपण हसावे, तर आपला ‘तोवर’ तेच करतो. ‘मी येईन तोवर थांब’ यात तो ‘पर्यंत’ आहे. ‘मी आहे तोवर भिऊ नकोस’ यात तो ‘असताना’ आहे. संस्कृतातील ‘यावत्’ आणि जुन्या मराठीतील ‘जंव’ यांचीही हीच गोष्ट. जर्मनाची वाटही आपल्याला अपरिचित नाही. ‘तवा तापला आहे तोवर पोळी भाजून घ्या’ असे कोणी म्हटले, तर तो वेळ सांगतो की कारण सांगतो? दोन्ही सांगतो. काळाच्या शब्दांतून तर्काचे शब्द निपजावेत हा मनुष्याच्या बुद्धीचा स्वभावच दिसतो. आधी आपण दोन गोष्टी एका वेळी घडताना पाहतो; मग त्यांत नाते शोधतो; आणि शेवटी ते नाते त्या वेळाच्या शब्दावरच सोपवितो.

मात्र सोपविलेले काम शब्द नीट करतो की नाही, हे पाहणे लेखकाकडे राहते. इंग्रजीच्या जाणकारांनी ‘व्हाइल’विषयी हीच तक्रार केली. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या शब्दप्रयोगकोशात या शब्दाची पायरीपायरीने होणारी घसरण दाखविली आहे: प्रथम ‘त्याच वेळी’, मग ‘उलट’, आणि अखेर नुसते ‘आणि’. या शेवटच्या पायरीवर त्यांचा रोष आहे. अमेरिकेतील स्ट्रंक यांच्या लहानशा पुस्तकात (ते प्रथम १९१८ मध्ये निघाले आणि १९५९ मध्ये व्हाइट यांनी वाढवून पुन्हा प्रसिद्ध केले) याहून व्यवहारी उपाय सांगितला आहे: ‘आणि’ किंवा ‘पण’ यांच्या जागी लेखक हा शब्द घालतात तेव्हा तो काढून अर्धविराम द्यावा, बहुधा तेवढ्याने काम भागते. म्हणजे ज्या प्रयोगाचे आम्ही इमानेइतबारे अनुकरण करीत आहोत, तो त्याच्या घरीही फारसा आदरणीय नाही. पाहुण्याचा सदरा उसना घ्यावा, आणि तो त्याने टाकून दिलेला निघावा, असा हा प्रकार झाला!

आता आपल्या घरात या कामासाठी काय होते ते पाहू. दोन क्रिया एका वेळी घडत असल्या, तर मराठी त्यांना स्वतंत्र उभयान्वयीने जोडीत नाही. ती क्रियापदालाच वळण देते. ‘जाता जाता’, ‘येताना’, ‘घरी असता’ या रूपांत काळ क्रियेच्या अंगातच मुरलेला असतो. विरोध आला की त्याच रूपास एक ‘ही’ पुरतो: ‘असतानाही’, ‘असूनही’. किंबहुना ‘शहाणा असून असे करतोस?’ या वाक्यात तोही लागत नाही. स्वरच ते काम करतो. ही रूपे नाजूक आहेत खरी, आणि बेफिकिरीने वापरली तर दगा देतात. ‘रस्ता ओलांडताना ट्रकने वृद्धास धडक दिली’ या वाक्यात रस्ता ट्रक ओलांडीत होता की वृद्ध, हे व्याकरणाला ठाऊक नाही. पण हा दोष हत्याराचा नव्हे, हाताचा होय.

दुसरे साधन याहूनही आमचे आहे. दोन प्रसंग दोन ठिकाणी एकाच वेळी चालले असता मराठी कथनकार काळाचे नावच घेत नाही. तो स्थळाचे नाव घेतो. कीर्तनकार आख्यान रंगात आणून क्षणभर थांबतो, आणि ‘इकडे काय झाले’ असे म्हणून श्रोत्यांना दुसऱ्या गावी घेऊन जातो. जुन्या ओव्यांतला ‘तंव’ आणि हा ‘इकडे’ यांच्यावर आपल्या कथाकारांनी शतके काढली. काळाचा सांधा स्थळाने जोडण्याची ही युक्ती म्हणींत तर पूर्णत्वास गेली आहे. ‘इकडे आड, तिकडे विहीर’ यात उभयान्वयी नाहीच. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ यातही नाही. दोन चित्रे शेजारी ठेवली, मध्ये एक श्वास घेतला, संपले. स्ट्रंक यांनी जो अर्धविराम सुचविला तो आमच्या म्हणींच्या तोंडी आधीच होता. हीच म्हण आजच्या वार्तेच्या शैलीत ‘नाव सोनुबाई होते, तर हाती कथलाचा वाळा होता’ अशी लिहून पाहावी. म्हणीतला वाळा तेवढा शिल्लक राहतो, टोमणा नाहीसा होतो.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या ‘तर’ची बाजू घेऊन आम्ही बोलत आहोत, तोही मुळात काळाचाच शब्द मानला जातो. संस्कृतातील ‘तर्हि’शी त्याचे नाते जोडतात, आणि ‘तर्हि’ म्हणजे ‘त्या वेळी’. ‘त्या वेळी’पासून ‘तसे असल्यास’पर्यंतचा प्रवास आमच्या ‘तर’ने स्वतःच्या पायांनी केला. अट तर त्याने सांभाळलीच. शिवाय ‘पाहावे तर कोणी नाही’ यात तो आश्चर्य सांगतो, ‘मी तर चाललो’ यात निश्चय सांगतो, ‘हो तर!’ यात होकारावर शिक्का मारतो. ‘थोरला शिकून परगावी गेला, तर धाकटा शेतावर राहिला’ या वाक्यात तो दोन भावांची दोन दैवे तराजूत घालून दाखवितो. हा शेवटचा प्रयोग आम्हांस पूर्णपणे मान्य आहे, मग त्यास इंग्रजीची फूस असो वा नसो. कारण येथे तोलण्याजोगे काही आहे. ‘तर’ या शब्दाबरोबर वाचकाचे मन एक पारडे उचलून धरते आणि दुसऱ्या पारड्यात काय पडते याची वाट पाहते. ही वाट पाहायला लावणे हीच त्याची शक्ती.

आता हे वाक्य पाहावे: ‘अध्यक्षस्थानी अमुक होते, तर प्रमुख पाहुणे म्हणून तमुक उपस्थित होते, तर आभार तिसऱ्यांनी मानले.’ समारंभांच्या वृत्तांतांत अशी वाक्ये पैशाला पासरी मिळतात. येथे वाचकाचे पारडे दोनदा उचलले जाते आणि दोनदा रिकामे राहते. अध्यक्ष आणि पाहुणे यांत कोणता तोल? लांडगा आला, लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्या मुलाची कथा सर्वांस ठाऊक आहे. रोज फसलेला कान अखेर वाट पाहणे सोडून देतो. आणि मग ज्या दिवशी खरोखर काही तोलावयाचे असते त्या दिवशी ‘तर’ हाका मारीत राहतो व कोणी येत नाही.

‘दरम्यान’ची अवस्था अशीच झाली आहे. हा फारसी शब्द ‘मध्ये’ असे सांगतो, म्हणून त्यास दोन टोके लागतात: दोन गावांच्या दरम्यान, दोन भेटींच्या दरम्यान. वार्तेच्या परिच्छेदारंभी स्वल्पविरामासह तो एकटाच उभा केला जातो तेव्हा तो कशाच्या मध्ये उभा आहे हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. तो ‘मीनव्हाइल’चा प्रतिनिधी म्हणून आला, आणि आता ‘आणखी एक सांगायचे राहिले’ एवढाच त्याचा अर्थ उरला आहे.

यावर कोणी म्हणेल, की भाषा अशीच वाढते. इंग्रजीच्या संसर्गाने मराठी गद्य घडले, निबंधमाला १८७४ साली निघाली तीही इंग्रजी निबंधाच्या वाचनावर पोसलेल्या लेखणीतून. मग एका ‘तर’वरून एवढी हळहळ कशाला? संसर्गाचे भय आम्हांस नाही. दामल्यांच्या व्याकरणातील उभयान्वयींची वर्गवारी म्हणजे लक्ष्मणरेषा, असेही आम्ही मानीत नाही. आमची तक्रार उसनवारीविरुद्ध नसून अर्धवट उसनवारीविरुद्ध आहे. इंग्रजी ‘व्हाइल’ विसाव्यापासून निघून वेळाकडे, वेळातून समकालाकडे, समकालातून विरोधाकडे आला. त्याच्या पाठीशी ही सर्व वाट असते, म्हणून तो पोकळ वापरला तरी त्यात काळाचा थोडासा धागा उरतो: हे घडत होते ‘त्या वेळी’ ते घडले. आमच्या ‘तर’ने काळाचा धागा केव्हाच सोडला. त्याच्याकडून आम्ही त्या प्रवासाचा फक्त शेवटचा, थकलेला मुक्काम मागून घेतला. ‘जबकि’ आणि ‘ज्यारे’ यांच्यात निदान ‘जेव्हा’ ऐकू येतो. ‘तर’मध्ये तोही नाही.

आणि आमच्यासारख्यांच्या बाबतीत ही गोष्ट केवळ शैलीची राहत नाही. पुण्यातील वा नागपुरातील मुलास वृत्तपत्राने चुकीचा ‘तर’ शिकविला, तरी संध्याकाळी बाजार, शेजार आणि खेळाचे मैदान तो त्याच्याकडून काढून घेतात. तेथे कोणी ‘दोन आंबे घेतले, तर तीन पेरू घेतले’ असे म्हणत नाही. मराठी प्रदेशाबाहेर वाढणाऱ्या मुलास असा बाजार नाही. त्याची मराठी घरातल्या चार माणसांच्या तोंडून येते, आणि नंतर छापील पानांतून. घरात ‘मी वेळेवर आलो, जबकी तो आलाच नाही’ असे तो म्हणतो तेव्हा आपण त्याला हटकतो. मग शुद्ध मराठी म्हणून त्याच्या हाती आपण काय देतो? तोच ‘जबकी’, फक्त ‘तर’चा अंगरखा घातलेला. त्याला ‘इकडे’ कोणी शिकविला नाही. ‘असूनही’ आजीबरोबर गेला. त्याच्या दृष्टीने छापील मराठी हीच सगळी मराठी, आणि तिच्यातले सांधे निकामी झाले तर ते दुरुस्त करणारा सुतार त्याच्या गल्लीत नाही.

म्हणून या पानांवर लिहिणाऱ्यांस, आणि आम्हां स्वतःसही, एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते. ‘तर’ लिहिल्यावर क्षणभर थांबावे आणि दोन्ही पारड्यांत काही आहे का ते पाहावे. काहीच नसेल, तर ‘आणि’ हा शब्द लाजिरवाणा नाही, अर्धविरामही नाही. दोन घटना दोन ठिकाणी चालल्या असतील, तर ‘इकडे’ म्हणून वाचकाला तेथे न्यावे. एका कर्त्याच्या दोन क्रिया असतील, तर क्रियापदाला वळवावे. ‘अपघातात तिघे ठार व पाच जण जखमी झाले’ हे वाक्य अधिक मराठी आहे, हे तर खरेच. पण आम्हांस ते अधिक माणुसकीचेही वाटते. त्यात मेलेल्यांना आणि घायाळ झालेल्यांना कोणी विनाकारण तराजूत घालीत नाही.